घाटातला पूल आणि कपाटातला कागद

१८६७ सालच्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, बोरघाटातला एक उंच रेल्वेपूल कोसळला. इंग्रजांच्या दप्तरात त्याचे नाव ‘महू-के-मल्ली’ असे काहीसे चमत्कारिक पडले आहे. कमानींचा, दगडी बांधणीचा पूल होता. घाटातून गाडी धावू लागल्याला तेव्हा उणीपुरी सव्वाचार वर्षे झाली होती. आता सव्वाचार वर्षे हे काही दगडाचे मरणाचे वय नव्हे. आपल्याकडची हेमाडपंती देवळे सात-सातशे वर्षे उन्हापावसात उभी आहेत. मग हा पूल का पडला? आणि ‘काम कराराप्रमाणे झाले’ असे समजून ज्यांनी त्याचे पैसे चुकते केले, त्यांनी काय पाहून केले?

दिवाळीच्या फराळाच्या ताटात करारनामे आणि दाखले वाढतो आहे म्हणून वाचकांनी मजवर रागावू नये. मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि स्थापत्यशास्त्राशी माझा संबंध घराची गळती काढण्यापुरताच. पण कागद हा माझा रोजचा सोबती आहे. हजेरीपट, दाखले, उतारे यांत माझी निम्मी हयात गेली. त्यामुळे जुने बांधकाम पाहिले की मला दगडाइतकेच त्याच्यामागच्या कागदाचे कुतूहल वाटते. ज्याचे घर त्यानेच बांधले, तर कागद लागत नाही. बांधणारा आणि राहणारा हे दोघे वेगळे झाले की त्यांच्यामध्ये कागद येऊन उभा राहतो.

बोरघाटात तर असे वेगळे झालेले चार-पाच जण होते. जी. आय. पी. रेल्वे ही विलायतेतली कंपनी. १८४९ च्या करारान्वये तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतलेली. म्हणजे पैसा तिकडच्या भागधारकांचा, हमी इकडच्या तिजोरीची, नकाशे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे, काम कंत्राटदाराचे, आणि घाम आमच्या माणसांचा. कंत्राटदार होता विल्यम फेव्हिएल. १८५३ साली सुरू झालेल्या मुंबई-ठाणे मार्गाचे काम करणाऱ्यांपैकीच हा एक. १८५६ च्या जानेवारीत त्याने घाटाला हात घातला. सुमारे पावणेसोळा मैलांचा मार्ग, चढण १,८३१ फूट, काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा उभा चढ, आणि वाटेत पंचवीस बोगदे. सुरुंगाची दारू ठासायला माणसे दोर बांधून कड्यावरून खाली सोडावी लागत. त्यांतले किती परत वर आले नाहीत याची मोजदाद कोणत्याच करारात नव्हती.

१८५९ च्या जानेवारीत या मजुरांनी घाटात मोठा दंगा केला. कारण जुनेच: मजुरी हाती पडत नव्हती. कंपनी पैसे देई मोठ्या कंत्राटदाराला, तो देई पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला, आणि मुकादमाच्या हातून जे निसटेल ते मजुराचे. वरच्या दोघांत पावत्या होत्या, सह्या होत्या. पण शेवटच्या माणसाच्या मुठीत पैसे खरोखर पडले की नाही, हे त्या पावत्यांवरून कळण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडले. पुढच्या वर्षी, १८६० साली, सरकारने मालक आणि मजूर यांच्या तंट्यांविषयी एक कायदा केला. त्यात मजुरी बुडविणाऱ्याविरुद्ध दाद मागता येई, पण काम सोडून जाणाऱ्या मजुरालाही शिक्षा सांगितली होती! सरकारचा तराजू त्या काळी कोणीकडे झुकत असे हे सांगायला नको.

गंमत अशी की हाच प्रश्न अमेरिकेत अडुसष्ट वर्षे आधी वेगळ्या रीतीने सोडविला गेला होता. वॉशिंग्टन ही नवी राजधानी बांधायला कारागीर मिळावेत म्हणून थॉमस जेफर्सन प्रभृतींच्या आग्रहावरून मेरीलँड राज्याने १७९१ साली कायदा केला की, ज्याने इमारतीत श्रम किंवा माल घातला आणि ज्याला पैसे मिळाले नाहीत, त्याचा त्या इमारतीवरच बोजा चढावा. बोजा म्हटल्यावर मालक जागा होतो. हप्ता देण्याआधी तो विचारू लागला, ‘खालच्या सर्वांचे चुकते झाले का? मग तसे त्यांच्या सहीनिशी आण.’ बांधकामात ज्याला आज करारपूर्तीचा कागद म्हणतात, त्यांतला एक मोठा प्रकार असा भीतीतून जन्माला आला. आपल्याकडे १९७० सालच्या कंत्राटी कामगारांच्या कायद्याने ही जबाबदारी मूळ मालकावर टाकली: कंत्राटदाराने मजुरी वाटताना मालकाचा माणूस हजर पाहिजे, आणि कंत्राटदाराने बुडविली तर मालकाने भरावी. बोरघाटातल्या दंग्यानंतर एकशे अकरा वर्षांनी.

घाटाकडे परत येतो. फेव्हिएलच्या जागी विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. कंत्राट बुडणार अशी सर्वांची समजूत झाली असता त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने ते आपल्या अंगावर घेतले. अनुभवी अभियंते हाताशी धरून तिने काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. परक्या मुलखात, नवऱ्याच्या मागे, एवढा पसारा सांभाळणारी ही बाई एखाद्या कादंबरीत घातली तर समीक्षक म्हणतील, असे होत नसते! २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. भाषणे झाली, कौतुक झाले. मग १८६७ चा पाऊस आला.

पूल पडल्यावर चौकशी झाली आणि ठपका आला तो बांधकामाच्या दर्जावर. कंपनीच्या इतर पुलांचीही तपासणी झाली, आणि अनेक पूल दुरुस्त करावे किंवा नव्याने बांधावे लागले. दगडी खांबाची रीत अशी असते की बाहेरून घडीव दगडांची दर्शनी भिंत आणि आतल्या पोकळीत डबर आणि चुना यांची भर. बाहेरचा दगड सर्वांना दिसतो. आतला चुना कसा आहे, डबर नीट बसविले आहे की नुसते ओतले आहे, हे भिंत वर चढली की कोणालाच दिसत नाही. माप मात्र बाहेरूनच घेतले जाते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, हिशेब चोख! जे झाकले जाणार ते झाकण्याच्या आधी कोणी पाहिले, कधी पाहिले, आणि तसे कोठे लिहिले, एवढ्याच तीन प्रश्नांवर अशा कामाची सारी मदार असते.

या तीन प्रश्नांची सर्वांत भयंकर उत्तरे मिळाली ती घाटात नव्हे, स्कॉटलंडात. तेथे टे नदीच्या रुंद मुखावर सर थॉमस बाउच यांनी लोखंडी पूल बांधला. १८७८ च्या फेब्रुवारीत सरकारी निरीक्षक मेजर जनरल हचिन्सन यांनी तीन दिवस तपासणी करून तो वाहतुकीस योग्य ठरविला. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात मधला सगळा उंच भाग गाडीसकट नदीत गेला. गाडीतले कोणीही वाचले नाही.

चौकशी बसली तेव्हा ओतशाळेतले कामगार साक्षीला आले. त्यांनी एका लुकणाची कृती सांगितली. मेण, सारंगीला लावतात ती राळ, लोखंडाचा बारीक कीस आणि थोडे काजळ हे एकत्र वितळवायचे. ओतीव खांबाला छिद्रे राहिली की ती या लुकणाने बुजवायची आणि वरून दगडाने घासायचे. मग ते हुबेहूब लोखंड दिसे. कामगार त्याला ‘बोमाँटचे अंडे’ म्हणत. निरीक्षक आला तेव्हा त्याला दिसले ते हे तकतकीत खांब!

पण मला त्या चौकशीतला दुसराच एक माणूस विसरवत नाही. हेन्री नोबल हे त्याचे नाव. पूल सुरू झाल्यावर त्याची देखभाल याच्याकडे होती. हा मूळचा गवंडीकामातला जाणकार; लोखंडाची विद्या त्याने घेतलेली नव्हती. १८७८ च्या ऑक्टोबरात नदीतले पाये पाहताना त्याला वर काहीतरी खडखडल्याचे ऐकू आले. पाहतो तर खांबांना ताणून धरणाऱ्या पट्ट्या सैल झालेल्या. त्याने काय केले? लोखंडाचे तुकडे विकत आणले आणि त्या फटींत पाचरीसारखे ठोकले. खडखड थांबली. आणि ही गोष्ट त्याने बाउच साहेबांना कळविली नाही. नोबल लबाड नव्हता; कामसू आणि काटकसरी होता. पण सैल पट्ट्यांची बातमी त्याच्या डोक्यातच राहिली, जेथे दुसरा कोणी हात घालून ती काढू शकत नव्हता. बाउच यांना मागाहून सारे कळले ते साक्षीच्या पिंजऱ्यासमोर. १८८० च्या ऑक्टोबरात ते खचून वारले.

इंग्रजी अंमलात आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ साली निघाले. त्या खात्याने पुढे जी एक वस्तू रूढ केली तिला माझा नमस्कार आहे. ती म्हणजे मोजमाप वही. कचेरीत सर्वजण तिला एम. बी. म्हणतात. खात्याच्या कोणत्याही ओव्हरसियरला विचारा, तो तिच्याविषयी सोवळ्यातल्या देवाविषयी बोलावे तसे बोलेल. पाने छापील क्रमांकाची. लिहायचे शाईने, आणि जागेवर. खोडरबराला बंदी, चूक झाली तर आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, म्हणजे चुकलेलेही वाचता आले पाहिजे. पान फाडायचे नाही. चुकून कोरे राहिले तर तिरपी रेघ ओढून रद्द करायचे आणि त्याखाली सही-तारीख. वरचा अधिकारी काही मापे स्वतः जाऊन पुन्हा घेतो. वही हरवली तर मोठे प्रकरण होते. मुलांच्या वह्या तपासताना मला नेहमी वाटते की ही शिस्त शाळेत आणावी. पण मग माझ्या वर्गातली अर्धी मुले तिरप्या रेघांतच सापडतील. असो.

या वहीत एकच उणे. ती एक असते, आणि ती कोठल्यातरी कपाटात असते. कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांकडे, साहेब रजेवर. कागद आहे हे सर्वांना ठाऊक, पण पाहिजे त्या दिवशी पाहिजे त्या माणसाला तो मिळत नाही. नोबलच्या डोक्यातल्या बातमीत आणि कुलपातल्या वहीत मग फरक तो किती राहिला?

हे कपाट आता संगणकात गेले आहे. माझा भाचा पुण्यास एका बांधकाम कंपनीत कंत्राटांच्या कागदांचेच काम पाहतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने मला ते यंत्र दाखविले. अशी कार्यप्रणाली पुरविणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ आहेत. त्यांतली प्रोकोर ही प्रसिद्ध अमेरिकन कंपनी २००२ साली कॅलिफोर्नियात निघाली. पडद्यावर कामाचे नाव. ते दाबले की त्याखाली एकेका कंत्राटदाराची ओळ: नळवाला, वीजवाला, परांचीवाला. ओळ उघडली की त्याच्या कराराखाली त्याने द्यावयाचे कागद: विम्याचा दाखला, मजुरांच्या भविष्यनिर्वाह निधीची चलने, परवाना, बँकेची हमी. प्रत्येकापुढे तारीख. मुदत संपली की अक्षरे लाल होतात.

“परांचीवाल्याचा विमा उद्या संपतोय,” भाचा म्हणाला. “आता बघा मामा, याचं बिल पुढे सरकणारच नाही. कागद नसला की बिल अडतं, आणि बिल अडलं की कागद दुसऱ्या दिवशी हजर!”

“आणि कागदच खोटा असला तर?” मी विचारले.

“ते यंत्राला नाही कळत मामा. त्याला साइटवरच जावं लागतं.”

बोमाँटचे अंडे आजही अंडेच आहे, हे ऐकून मला बरे वाटले की वाईट, ते सांगता येत नाही. मग मी त्याला म्हटले, दोन वर्षांपूर्वीचा एखादा कागद काढून दाखव. त्याने एका जुन्या भिंतीच्या कामाचा तपासणीचा दाखला शोधायला घेतला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. कोणीतरी महाभागाने त्या कागदाला ‘नवीन’ असे नाव देऊन ठेवले होते. शेजारी ‘नवीन दोन’ होता, ‘शेवटचा’ होता, आणि ‘शेवटचा पक्का’ही होता. कागद चढविताना त्याला कामाचे, मजल्याचे आणि तारखेचे नाव दिले नाही, तर संगणक ही केवळ फार मोठी आणि फार स्वच्छ अडगळीची खोली होते. एम. बी. लिहिणाऱ्या जुन्या ओव्हरसियरला हे कोणी शिकवावे लागले नसते.

आणखी एक गोष्ट तेथे माझ्या ध्यानात आली. त्या यंत्राला दारे आहेत, आणि कोणते दार कोणाला उघडावे हे कंपनी ठरविते. कोणाला नुसते वाचता येते, कोणाला लिहिता येते, आणि बाकीच्यांना दार दिसतसुद्धा नाही. धंद्यात हे असायचेच. पण इमारतीत राहणारा माणूस त्या बाकीच्यांत मोडतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये राहणारे लोक असेच त्या बाकीच्यांत होते. १४ जून २०१७ च्या रात्री ती चोवीस मजली इमारत पेटली आणि बहात्तर माणसे गेली. बाहेरून नवे आच्छादन बसविले होते, त्यावरून आग चढत गेली. त्यानंतर डेम जुडिथ हॅकिट यांनी २०१८ च्या अहवालात सांगितले की, इमारत आखल्यापासून ती वापरात असेपर्यंत तिच्या सुरक्षिततेची सारी माहिती एका अखंड धाग्यात ओवलेली असावी. ‘सोनेरी धागा’ असे त्याचे नाव पडले. २०२२ च्या कायद्याने इंग्लंडात अठरा मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींना तो बंधनकारक झाला, आणि तो संगणकीय रूपातच ठेवायचा आहे.

आपल्या महाराष्ट्रात या वाटेने एक पाऊल फार पूर्वी पडले होते. १९६३ च्या सदनिका कायद्याने बिल्डरवर सक्ती केली की गिऱ्हाइकाला जागेच्या मालकीचे आणि मंजुरीचे कागद दाखवावेत. पण ‘दाखवावेत’ म्हणजे कचेरीत जाऊन मागावेत, आणि मागणारा खुर्चीच्या अलीकडचा. मग २०१६ चा केंद्राचा कायदा आला आणि २०१७ च्या मे महिन्यापासून आपल्याकडे महारेरा सुरू झाले. आता लहानसहान कामे सोडली तर प्रत्येक प्रकल्पाची तेथे नोंद लागते, आणि बांधकामाची परवानगी, मंजूर नकाशा, दर तिमाहीची प्रगती हे कोणालाही घरबसल्या पाहता येते. गिऱ्हाइकांच्या पैशांतले सत्तर टक्के निराळ्या खात्यात ठेवायचे आणि अभियंता, वास्तुशिल्पी व सनदी लेखापाल या तिघांच्या दाखल्यांवाचून त्यातून उचलायचे नाहीत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीत दोष निघाला तर बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनही छापावा लागतो. फोन धरला की प्रकल्पाची पाने उघडतात.

माझी थोरली बहीण, म्हणजे याच भाच्याची आई, सध्या एका बारा मजली इमारतीत घर घेत आहे. दाजींच्या निवृत्तीचे सगळे पैसे त्यात आहेत. भाच्याला दुसऱ्यांच्या इमारतींचे कागद एका बोटाने दिसतात. आईच्या घराचे दिसत नाहीत, कारण ती कंपनी वेगळी. म्हणून आम्ही महारेराचे पान उघडले. परवानगी होती, नकाशा होता, अभियंत्याचा दाखलाही होता. पण तो दाखला खर्चाचा: इतके टक्के काम झाले, इतका पैसा लागला. काँक्रीट कसे आहे हे तो सांगत नाही. ते सांगणारा कागद म्हणजे ठोकळ्यांच्या चाचणीचा. स्लॅब ओतताना त्याच मालाचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडून पाहतात. हा कागद बिल्डरच्या फायलीत असतो.

ताई तेथे गेली. “असं कोणी मागत नाही हो काकू,” तिथला मुलगा म्हणाला. ती म्हणाली, “मी मागते आहे ना!” मग फाइल आली. तिने प्रत्येक मजल्याची तारीख आणि आकडे वहीत उतरवून घेतले. सातव्या मजल्याचा सात दिवसांचा अहवाल होता, अठ्ठावीस दिवसांचा नव्हता. स्लॅब टाकून मात्र दीड महिना झाला होता. ‘प्रयोगशाळेतून यायचा आहे,’ असे उत्तर मिळाले. हप्त्याला दहा दिवस अवकाश होता. आपण अहवालाची वाट पाहत आहोत, असे तिने लेखी दिले आणि पोच घेतली.

नवव्या दिवशी अहवाल आला. तारीख अठ्ठाविसाव्या दिवसाचीच होती. महिनाभर तो दुसऱ्याच इमारतीच्या फायलीत पडून होता. आकडे ठीक होते. ताईने ते सातव्या मजल्याच्या ओळीपुढे लिहिले आणि सकाळी बँकेत गेली.